सरकारी वकील ते न्यायमूर्ती: सोनिया सोटोमायोर यांच्या कारकिर्दीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायद्याचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले वाचक न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांच्याविषयी पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एकाच मुद्द्याचा दोनदा संबंध येतो, तिथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सोनिया सोटोमायोर कोण आहेत?

त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आहेत. ८ ऑगस्ट २००९ रोजी त्यांनी शपथ घेतली. त्या न्यायालयातील त्या पहिल्या हिस्पॅनिक आणि तिसऱ्या महिला न्यायमूर्ती होत. त्यांचा जन्म २५ जून १९५४ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स भागात झाला. आईवडील पोर्तो रिकोहून आलेले होते. वडील कारखान्यात कामगार होते आणि त्यांना इंग्रजी येत नव्हते. सोनिया नऊ वर्षांच्या असताना ते वारले आणि परिचारिकेचे काम करणाऱ्या आईने दोन्ही मुलांना वाढवले. लहानपणीच जडलेला टाइप-१ मधुमेह त्यांना आजही आहे. प्रिन्स्टनमधून १९७६ साली पदवी आणि येलमधून १९७९ साली कायद्याची पदवी घेतल्यावर त्या थेट मॅनहॅटनच्या फौजदारी न्यायालयात सरकार पक्षाच्या वकील म्हणून उभ्या राहिल्या.

२. त्या नेमक्या कोणत्या सरकारच्या वकील होत्या?

केंद्र सरकारच्या नव्हे. अमेरिकेत चोरी, खून, दरोडा असे बहुतांश गुन्हे राज्यांच्या कायद्याखाली येतात आणि त्यांचे खटले परगण्याचा डिस्ट्रिक्ट ॲटर्नी चालवतो. हे पद बहुतेक राज्यांत लोकनियुक्त असते, आणि मॅनहॅटनमध्ये दर चार वर्षांनी त्यासाठी निवडणूक होते. सोटोमायोर रुजू झाल्या तेव्हा हे पद रॉबर्ट मॉर्गेनथॉ यांच्याकडे होते. १९७५ ते २००९ इतका प्रदीर्घ काळ ते या पदावर राहिले. त्यांच्या हाताखालच्या शेकडो साहाय्यक वकिलांपैकी सोटोमायोर एक होत्या. या साहाय्यकांची नेमणूक होते, त्यांना निवडणूक लढवावी लागत नाही. फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालच्या, गुन्ह्यांसाठी ‘यूएस ॲटर्नी’ हे वेगळे कार्यालय असते आणि त्याच्या प्रमुखाला राष्ट्राध्यक्ष नेमतात.

३. आपल्याकडचा सरकारी वकील आणि तिथला, यांत मोठा फरक कोणता?

अधिकाराचा. आपल्याकडे गुन्हा नोंदवणे, तपास करणे आणि दोषारोपपत्र दाखल करणे ही कामे पोलिसांची, आणि सरकारी वकिलाची भूमिका मुख्यत्वे न्यायालयात सुरू होते. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी अटक केल्यानंतर कोणते कलम लावायचे, आरोप सौम्य करायचा की प्रकरण सोडून द्यायचे, गंभीर गुन्ह्यात ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या गटापुढे) जायचे की गुन्हा कबूल करण्याच्या मोबदल्यात कमी शिक्षेची तडजोड करायची, हे सगळे प्रामुख्याने डिस्ट्रिक्ट ॲटर्नीचे कार्यालय ठरवते. तिथली बहुसंख्य प्रकरणे अशा तडजोडीतच निकाली निघतात. त्यामुळे पंचविशीतल्या साहाय्यकाच्या एका निर्णयावरही कुणाचे पुढचे आयुष्य ठरू शकते. रॉबर्ट जॅक्सन (प्रश्न १४ पाहा) यांनी १९४० साली, ॲटर्नी जनरल असताना, फेडरल सरकारी वकिलांपुढे केलेल्या भाषणात बजावले होते की, लोकांचे जीवित, स्वातंत्र्य आणि अब्रू यांवर सरकारी वकिलाइतका ताबा अमेरिकेत दुसऱ्या कुणाचाही नसतो. सोटोमायोर यांची पुढची निकालपत्रे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

४. येलची पदवी हाती असताना त्या मोठ्या पगाराच्या नोकरीकडे का वळल्या नाहीत?

न्यायाधीश होण्याची इच्छा त्यांच्या मनात लहानपणापासून होती, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. दूरचित्रवाणीवरील एका वकिली मालिकेत खटला हरलेला सरकारी वकील म्हणतो की, आरोपी निर्दोष ठरला तरी आपले काम झालेच, कारण न्याय झाला. हे काम चांगले आहे, असे त्या मुलीला वाटले, आणि लगेच तिच्या हेही लक्षात आले की, आरोप रद्द करण्याचा अंतिम शब्द त्या खोलीत न्यायाधीशाचा असतो.

प्रत्यक्ष नोकरीचा योग मात्र अगदी सहज आला. येलमध्ये मॉर्गेनथॉ सरकारी सेवेविषयी बोलायला आले होते. सोटोमायोर तिथे शिरल्या त्या, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, मुख्यतः मांडून ठेवलेल्या चीजच्या ओढीने. दोघांचे बोलणे झाले आणि पुढे नोकरी ठरली. मोठ्या कंपनीत नवख्या वकिलाला वर्षानुवर्षे ज्युरीसमोर तोंड उघडायला मिळत नाही आणि इथे काही महिन्यांतच खटले हाती येतात, हा हिशेबही त्यामागे होता, आणि तो बरोबर ठरला.

५. त्यांचे रोजचे काम कसे होते?

सुरुवात किरकोळ गुन्ह्यांपासून झाली: दुकानातल्या चोऱ्या, वेश्याव्यवसाय, छोटी मारामारी. पुढे दरोडे, हल्ले, खून अशा गंभीर गुन्ह्यांचे खटले हाती आले. १९८३ साली छापून आलेल्या एका मुलाखतीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, पहिल्या वर्षी त्यांना किरकोळ गुन्ह्यांचाच त्रास अधिक झाला, कारण त्यांच्या मुळाशी पुष्कळदा गरिबी आणि परिस्थिती असे. हिंसक गुन्ह्यांच्या बाबतीत मात्र, कारणे कितीही समजून घेतली तरी परिणाम संतापजनकच असतात, असे त्यांचे म्हणणे होते. सोटोमायोर यांना केवळ ‘आरोपींच्या बाजूच्या’ समजणाऱ्यांनी ही मुलाखत ध्यानात घ्यायला हवी.

काही खटले हरल्यावर एका वरिष्ठाने त्यांची चूक दाखवून दिली. त्या ज्युरीपुढे केवळ तर्क मांडत होत्या, पण दुसऱ्या माणसाला दोषी ठरवून तुरुंगात पाठवण्याचे धाडस सामान्य नागरिकाला केवळ तर्काने होत नाही. त्याला ती आपली नैतिक जबाबदारी वाटावी लागते. युक्तिवादाची ही ढब त्यांनी तिथेच आत्मसात केली.

६. ‘टार्झन’ खटला म्हणतात तो कोणता?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्लेममध्ये एक घरफोड्या इमारतींच्या गच्चीवरून दोराला लोंबकळत खिडक्यांतून घरात शिरत असे, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला हे नाव दिले. तो नुसता चोऱ्या करून थांबत नव्हता. घरात कुणी आडवे आले की गोळी घालत असे. १९८३ साली तो खुनांत दोषी ठरला आणि त्याला दीर्घ मुदतीच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. सोटोमायोर या खटल्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या बरोबरीने काम करत होत्या.

वर्तमानपत्रांना दोराचे कौतुक होते. खटल्याचा खरा पेच मात्र पुराव्याच्या कायद्यात होता. एकेका घटनेचा पुरावा सुटा पाहिला तर तोकडा होता, आणि सगळ्या घटना एकत्र ठेवल्या तरच माणूस एकच असल्याचे दिसत होते. परंतु आरोपीने दुसरीकडे काय केले हे ज्युरीला सांगू नये, असा तिथला सर्वसाधारण नियम आहे, कारण ‘एकदा केले म्हणजे पुन्हाही केलेच असणार’ असा ग्रह होण्याचा धोका असतो. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९०१ साली मॉलिनो खटल्यात या नियमाला मोजके अपवाद सांगितले, आणि गुन्हेगाराची ओळख पटवणे हा त्यांतील एक. गुन्ह्याची पद्धत इतकी विलक्षण आहे की तीच गुन्हेगाराची खूण ठरते, हा मुद्दा धरून सरकार पक्षाने निरनिराळ्या घटना एकाच खटल्यात आणल्या. या कायदेशीर बाजूचे बरेच काम सोटोमायोर यांनी केले. नियम का आहे हे पुरते समजल्याखेरीज त्याचा अपवाद मागता येत नाही. पुराव्याच्या कायद्यातली ही शिस्त त्यांच्या पुढच्या लिखाणात जागोजाग दिसते.

याच काळात त्यांनी बालकांच्या अश्लील चित्रफितींच्या विक्रीचा खटलाही चालवला. असे साहित्य अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संरक्षणाखाली येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली न्यूयॉर्क विरुद्ध फर्बर या प्रकरणात दिला होता, आणि त्यानंतरचा हा त्यांच्याकडील एक महत्त्वाचा खटला ठरला.

७. मग १९८४ मध्ये त्यांनी ती नोकरी का सोडली?

दिवाणी आणि व्यापारी कायद्याचा अनुभव नसलेल्या वकिलाला फेडरल न्यायाधीशपद मिळणे अवघड असते, आणि सोटोमायोर यांना तेच हवे होते. त्या ‘पाविया अँड हारकोर्ट’ या वकिलांच्या छोट्या कंपनीत गेल्या आणि १९८८ साली तिथे भागीदार झाल्या. फेंडीसारख्या इटालियन कंपन्यांचे बनावट माल विकणाऱ्यांविरुद्धचे काम त्यांच्याकडे होते. न्यायालयाचा आदेश घेऊन त्या जप्तीच्या ठिकाणी स्वतः जात. याच वर्षांत त्या न्यूयॉर्क शहराच्या निवडणूक-निधी मंडळावर आणि राज्याच्या गृहकर्ज संस्थेवरही होत्या. राजकीय वर्तुळात त्यांचे नाव झाले ते बहुधा या मंडळांमुळे.

८. न्यायाधीश होण्यासाठी त्यांना कोणती परीक्षा द्यावी लागली?

कोणतीही नाही. फेडरल न्यायाधीशासाठी अमेरिकी राज्यघटनेत ना परीक्षा आहे, ना वयाची अट, ना कायद्याच्या पदवीची. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट संमती देते, आणि ‘चांगली वर्तणूक’ असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात आजन्म, पद राहते. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा असते आणि घटनेच्या अनुच्छेद २३३ नुसार वकिलीतून थेट जिल्हा न्यायाधीश होण्यासाठी सात वर्षांच्या वकिलीची अट असते. तसली ठरीव शिडी तिथे नाही. राज्यांच्या न्यायालयांची तऱ्हा आणखी वेगळी आहे, कारण अनेक राज्यांत न्यायाधीशसुद्धा निवडून येतात (प्रश्न १३ पाहा).

९. त्यांना पहिल्यांदा रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमले, हे खरे का?

खरे आहे, पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा असतो. नोव्हेंबर १९९१ मध्ये थोरल्या जॉर्ज बुश यांनी त्यांचे नाव पाठवले. मात्र शिफारस होती डेमोक्रॅटिक सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहॅन यांची. न्यूयॉर्कचे दुसरे सिनेटर अल्फॉन्स डमॅटो रिपब्लिकन होते, आणि दोघांमध्ये असा समझोता होता की, राष्ट्राध्यक्ष ज्या सिनेटरच्या विरोधी पक्षाचा असेल त्यानेही न्यायाधीशपदाच्या दर चार नावांतील एक सुचवावे. ऑगस्ट १९९२ मध्ये सिनेटने एकमताने संमती दिली आणि त्या न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या फेडरल न्यायालयात रुजू झाल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या त्या पहिल्या हिस्पॅनिक फेडरल न्यायाधीश. नेमणारा पक्ष पाहून न्यायाधीशाची मते ओळखू पाहणाऱ्यांनी या समझोत्यासारख्या स्थानिक व्यवस्था आधी तपासाव्यात.

१०. ‘बेसबॉल वाचवणाऱ्या न्यायाधीश’ असे त्यांना का म्हणतात?

खेळाडू आणि संघमालक यांच्या वादातून ऑगस्ट १९९४ मध्ये व्यावसायिक बेसबॉलचा संप सुरू झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज ही अंतिम लढत रद्द झाली. मालकांनी वेतनाविषयीचे जुने नियम एकतर्फी बदलले, तेव्हा राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ न्यायालयात आले. ३१ मार्च १९९५ रोजी सोटोमायोर यांनी मालकांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम देऊन जुने नियम पुन्हा लागू केले. संप मिटला आणि एप्रिलअखेर हंगाम सुरू झाला. वरिष्ठ न्यायालयानेही तो हुकूम कायम ठेवला. कायद्याच्या दृष्टीने हा सरळसाधा निर्णय होता, परंतु कीर्ती त्यानेच मिळाली.

त्याच न्यायालयातला त्यांचा एक निर्णय मात्र टिकला नाही. वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या मुक्त लेखकांचे लेख त्यांना न विचारता संगणकीय संग्रहात घालता येतात, असे त्यांनी १९९७ साली ठरवले. अपील न्यायालयाने ते फिरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली लेखकांच्या बाजूनेच कौल दिला.

११. अपील न्यायालयापर्यंत आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा प्रवास सुरळीत झाला का?

नाही. बिल क्लिंटन यांनी जून १९९७ मध्ये त्यांना न्यूयॉर्क आणि शेजारच्या राज्यांसाठीच्या फेडरल अपील न्यायालयासाठी (‘सेकंड सर्किट’) सुचवले. ही बाई पुढे सर्वोच्च न्यायालयात जाईल या शंकेने विरोधकांनी मतदान वर्षभराहून अधिक रखडवले. ऑक्टोबर १९९८ मध्ये ६७ विरुद्ध २९ मतांनी संमती मिळाली. २००९ साली न्या. डेव्हिड सूटर यांनी निवृत्ती जाहीर केल्यावर बराक ओबामा यांनी त्यांना सुचवले, तेव्हा ती शंका खरी ठरली.

सुनावणीत दोन गोष्टी उगाळल्या गेल्या. पहिली म्हणजे २००१ च्या बर्कली येथील व्याख्यानातले वाक्य: समृद्ध अनुभव गाठीशी असलेली शहाणी लॅटिना स्त्री, तसे आयुष्य न जगलेल्या गोऱ्या पुरुषापेक्षा बहुतेक वेळा अधिक चांगला निष्कर्ष काढेल अशी आशा वाटते, असा त्याचा आशय होता. ती शब्दयोजना फसली, अशी कबुली त्यांनी समितीपुढे दिली. दुसरी गोष्ट न्यू हेवनच्या अग्निशमन दलाच्या बढती-परीक्षेची. परीक्षेचे निकाल शहराने रद्द केले होते, आणि त्याविरुद्ध आलेल्या, बहुतांशी गोऱ्या, कर्मचाऱ्यांचे अपील त्यांच्या खंडपीठाने त्रोटक आदेशाने फेटाळले होते. त्यांची नेमणूक सिनेटपुढे असतानाच, २९ जून २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो निर्णय फिरवला. माझ्या मते टीकेला जागा होती ती निष्कर्षापेक्षा त्या त्रोटकपणात, कारण इतक्या अवघड प्रश्नाला सविस्तर निकालपत्र हवे होते. ६ ऑगस्टला ६८ विरुद्ध ३१ मतांनी त्यांची नेमणूक मंजूर झाली.

१२. सरकारी वकील राहिलेले न्यायाधीश सरकार पक्षाला झुकते माप देतात, असे म्हणतात. सोटोमायोर यांच्या बाबतीत हे खरे आहे का?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे एका शब्दात उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

अपील न्यायालयात असताना त्यांनी सरकार पक्षाला अनुकूल निर्णयही दिले. १९९९ च्या सँटा प्रकरणात रद्द झालेले अटक वॉरंट कारकुनी चुकीमुळे संगणकात तसेच राहिले होते आणि त्याच्या आधारे अटक झाली. पोलिसांनी सद्भावनेने कृती केल्यामुळे झडतीत सापडलेला पुरावा ग्राह्य आहे, असे त्यांनी लिहिले. सर्वोच्च न्यायालयात आल्यावर मात्र त्यांचा कल अधिक स्पष्टपणे आरोपीच्या प्रक्रियात्मक हक्कांकडे दिसतो. अल्पवयीन मूल पोलिसांच्या ताब्यात आहे का, म्हणजे त्याला हक्क समजावणे बंधनकारक आहे का, हे ठरवताना त्याचे वय विचारात घ्यावे (२०११) आणि मद्यपी चालकाचे रक्त काढण्यापूर्वी शक्य तिथे वॉरंट घ्यावे (२०१३), हे निर्णय त्यांनी लिहिले. बेकायदा अडवणुकीनंतर सापडलेला पुरावा बहुमताने ग्राह्य मानला, तेव्हा २०१६ च्या युटा विरुद्ध स्ट्रीफ प्रकरणात त्यांनी अत्यंत तिखट भिन्नमत दिले.

त्यांच्या पूर्वायुष्याचा ठसा सर्वांत स्पष्ट दिसतो तो सरकारी वकिलांच्या वर्तनाविषयी लिहिताना. २०१३ च्या कॅल्हून प्रकरणाचे उदाहरण घ्या. टेक्सासमधील अमली पदार्थांच्या एका खटल्यात आरोपीचे म्हणणे होते की, मित्र असला व्यवहार करणार आहेत याची आपल्याला कल्पना नव्हती. फेडरल सरकारी वकिलाने उलटतपासणीत त्याला विचारले की, खोलीत आफ्रिकन-अमेरिकन आहेत, हिस्पॅनिक आहेत, पैशांनी भरलेली पिशवी आहे, मग हा अमली पदार्थांचा सौदा आहे हे तुमच्या डोक्यात आले कसे नाही? बचाव पक्षाच्या वकिलाने तेव्हा हरकत घेतली नव्हती, आणि पुढे अपिलातही मुद्दा नीट मांडला गेला नाही, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकले नाही. सोटोमायोर यांनाही तो नकार मान्य होता. तरीही त्यांनी स्वतंत्र टिपण जोडले आणि देशाच्या प्रतिनिधीने एकविसाव्या शतकात असल्या हीन युक्तीचा आधार घ्यावा याविषयी खेद व्यक्त केला. न्या. स्टीफन ब्रेयर यांनी त्याला दुजोरा दिला. ज्याने स्वतः शेकडो साक्षीदारांची उलटतपासणी घेतली आहे, त्याला असा प्रश्न अनवधानाने निघत नाही हे सांगावे लागत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ओक्लाहोमातील रिचर्ड ग्लॉसिप यांची शिक्षा रद्द करून नव्याने खटला चालवण्याचा आदेश देणारे बहुमताचे निकालपत्रही त्यांचेच आहे. मुख्य साक्षीदार खोटे बोलत असल्याचे ठाऊक असूनही सरकार पक्षाने ते दुरुस्त केले नाही, हे त्यामागचे कारण होते. १९५९ च्या नापू प्रकरणापासून हा नियम प्रस्थापित आहे.

आता दुसरी बाजू. न्या. सॅम्युएल अलिटो १९८७ ते १९९० या काळात न्यू जर्सीचे यूएस ॲटर्नी होते, आणि फौजदारी प्रकरणांत त्यांचे मत अनेकदा सोटोमायोर यांच्या नेमके उलट पडते. आणखी मागे जायचे तर, अटकेतील व्यक्तीला हक्क समजावून सांगणे बंधनकारक करणारे १९६६ चे मिरांडा निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश अर्ल वॉरन हे कॅलिफोर्नियातील अलामिडा परगण्याचे अनेक वर्षे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी होते. सरकारी वकिलीतून कोर्टकचेरीची बारीक माहिती मिळते. ती कोणत्या बाजूने वापरायची हे माणसावर अवलंबून असते. आक्षेपाला जागा आहे ती एकूण संख्येत, कारण फेडरल न्यायाधीशांत माजी सरकारी वकील पुष्कळ आणि आरोपींचे सरकारी बचाव-वकील फार थोडे, हे असंतुलन तिथे दीर्घकाळ आहे. सर्वोच्च न्यायालयात फेडरल बचाव-वकील म्हणून काम केलेल्या पहिल्या न्यायमूर्ती म्हणजे २०२२ साली आलेल्या केतान्जी ब्राउन जॅक्सन.

१३. सरकारी वकील असताना हाताळलेला खटला पुढे न्यायाधीश म्हणून समोर आला तर?

बाजूला व्हावे लागते. सरकारी नोकरीत असताना ज्या प्रकरणात वकील म्हणून भाग घेतला किंवा त्याच्या गुणदोषांवर मत दिले, त्यातून फेडरल न्यायाधीशाने माघार घ्यावी असा कायदा आहे. सोटोमायोर यांना याची अडचण फारशी आली नाही, कारण त्यांचे जुने खटले राज्याच्या न्यायालयांतले होते आणि त्या फेडरल न्यायालयात बसल्या.

खरा पेच राज्यांत येतो. फिलाडेल्फियाचे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी असताना रोनाल्ड कॅस्टिल यांनी टेरन्स विल्यम्स या आरोपीसाठी मृत्युदंड मागण्यास लेखी मंजुरी दिली होती. पुढे ते पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आले. प्रचारात आपल्या काळात किती जणांना मृत्युदंड झाला याचा त्यांनी गौरवाने उल्लेख केला होता. नंतर ते तिथले सरन्यायाधीश झाले आणि त्याच आरोपीचे प्रकरण समोर आले, तेव्हा त्यांनी माघार घ्यायला नकार दिला. जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी हे घटनाबाह्य ठरवले. सोटोमायोर बहुमतात होत्या. कॅस्टिल यांचे मत निर्णायक नव्हते हा बचावही न्यायालयाने मानला नाही, कारण खंडपीठातील एकाचा पूर्वग्रह बाकीच्यांच्या विचारविनिमयावर किती परिणाम करतो हे मोजता येत नाही.

लक्षात घ्या, बंदी त्या विशिष्ट प्रकरणापुरती आहे. केवळ त्या कार्यालयात नोकरी केली म्हणून तिथल्या सर्वच खटल्यांतून माघार घेणे आवश्यक नसते.

१४. न्यायाधीश पुन्हा सरकारी वकील होऊ शकतो का?

कायद्याने मनाई नाही, मात्र सहसा आधी न्यायाधीशपद सोडावे लागते. मेरिक गार्लंड यांनी तरुणपणी ओक्लाहोमा सिटी बाँबस्फोटाच्या फिर्यादीची देखरेख केली, १९९७ पासून ते वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात न्यायाधीश होते, आणि २०२१ साली ते पद सोडून ॲटर्नी जनरल झाले, म्हणजे देशातल्या सर्व फेडरल सरकारी वकिलांचे प्रमुख. न्यायमूर्तिपद न सोडता फिर्यादी झालेले ठळक उदाहरण रॉबर्ट जॅक्सन यांचे. १९४१ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेले जॅक्सन १९४५ साली न्यूरेंबर्गच्या नाझी खटल्यात अमेरिकेचे मुख्य फिर्यादी वकील झाले. ते पुढच्या वर्षी परतले आणि १९५४ साली निधन होईपर्यंत न्यायमूर्ती राहिले. एका न्यायमूर्तीने वर्षभर खंडपीठ सोडून जावे का, यावर त्या वेळी त्यांच्या सहकाऱ्यांतच तीव्र नाराजी होती. खुद्द सरन्यायाधीश हार्लन स्टोन यांनाही ते पसंत नव्हते.

१५. पुराव्याची लपवाछपवी करणाऱ्या सरकारी वकिलावर आरोपीला नुकसानभरपाईचा दावा लावता येतो का?

बहुधा नाही. आरोपीला उपयोगी पडेल असा पुरावा त्याला देणे १९६३ च्या ब्रेडी निर्णयापासून बंधनकारक आहे, आणि तो दडवल्यास शिक्षा रद्द होऊ शकते. परंतु खटला चालवण्याच्या कामाबद्दल सरकारी वकिलाला दिवाणी दाव्यापासून पूर्ण संरक्षण आहे, असे १९७६ च्या इम्बलर विरुद्ध पॅक्टमन निर्णयाने ठरले, आणि न्यायाधीशांनाही त्यांच्या न्यायिक कृत्यांबद्दल तसेच संरक्षण आहे. पोलिसांबरोबर तपासात उतरून केलेल्या कामाला मात्र सरकारी वकिलाला इतके भक्कम कवच मिळत नाही. वकिली परिषदेकडून शिस्तभंगाची कारवाई आणि क्वचित फौजदारी खटला हे मार्ग उरतात. व्यवहारात मुख्य उपाय अपील हाच असतो, आणि त्याचा एक नमुना प्रश्न १२ मधील ग्लॉसिप प्रकरणात दिसतो.